टीचरच्या बोटांची रुंदी

माझ्या तक्त्यातली एकशे बारावी ओळ सुनावणीत बिल्डरच्या इंजिनिअरने मोठ्याने वाचली तेव्हा मला आधी वाटलं, त्याची ओळ चुकली.

“मे महिन्याचा शेवटचा आठवडा,” तो म्हणाला. “वरच्या पायरीपासून पाणी १२९६ मिलिमीटर खाली. हा आकडा तुमचाच ना काका?”

“माझाच.”

“आणि तळ्याचा सगळ्यात खोल भाग त्याच पायरीपासून १२१० मिलिमीटरवर. तो आमच्या नकाशात आहे आणि त्याला तुम्ही हरकत घेतलेली नाही.” त्याने कागद खाली ठेवला. “म्हणजे पाणी तळाच्याही ८६ मिलिमीटर खाली होतं. मॅडम, याला आमच्याकडे कोरडा खड्डा म्हणतात.”

मागे कोणीतरी हसलं. इंजिनिअर हसला नाही. त्याने तशाच आणखी दोन ओळी वाचल्या. एका उन्हाळ्यात पाणी तळाच्या साडेपंचेचाळीस मिलिमीटर खाली, दुसऱ्यात पाच. एकूण तीन उन्हाळे कोरडे, आणि तेही तळं वाचवायला निघालेल्यांच्याच तक्त्याप्रमाणे.

माझ्या शेजारी टीचर बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“ते तळं कधीच आटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज वर्गातलाच होता. “मी होते तिथे.”

“बाई, तुम्ही होतात हे मी मानते,” अधिकारी मॅडम म्हणाल्या. “पण तक्ता तुमच्याच बाजूने आला आहे. एक जरी उन्हाळा कोरडा गेला असला, तरी मला हे बारमाही पाणी धरता येणार नाही. मग बुजवायला माझी हरकत राहणार नाही.” त्यांनी फाइल मिटली. “आठ दिवस देते. काही म्हणायचं असेल तर लेखी आणा.”

आठ दिवस म्हणजे आपल्याकडे सातच. मंगळवार ते मंगळवार.

अंधेरीच्या त्या कचेरीचे तीन मजले टीचर एकेक पायरी करत उतरल्या. त्यांचा पुतण्या पुढे होता. तळं वाचवण्याची सगळी धावपळ त्याची. खाली पोचल्यावर तो माझ्याकडे वळला. “वाट लावलीस रे तू. आंटी नुसती बोलली असती तरी चाललं असतं. तुला तक्ता कोणी करायला सांगितला होता?”

खरं म्हणजे त्यानेच सांगितलं होतं. पण ते बोलण्याची ती वेळ नव्हती.

तळं मरोळच्या जुन्या गावठाणामागे आहे. एका बाजूला दगडी पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंना लव्हाळे, आणि त्यांच्या मागे इमारती. ते भरून तिथे गाड्या लावायची जागा करायची होती. आता जाऊन पाणी दाखवावं, तर दोन वर्षांपूर्वी शेजारच्या प्लॉटवर पाया खणला गेला आणि तिथला पंप दिवसभर पाणी उपसतो. तेव्हापासून तळं चिखलावर आलंय आणि सगळीकडून पत्रे ठोकलेत. जुने फोटो आहेत, पण त्यांच्यावर तारखा नाहीत. त्याआधी तळं कसं होतं याचा तारीखवार पुरावा एकच होता: टीचरच्या त्रेचाळीस वह्या.

टीचर गावठाणातल्याच. आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. माझे वडील जालन्याकडून इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आले आणि मी त्या शाळेत गेलो. आम्ही मुलं चतुर पकडायचो आणि त्याच्या शेपटीला दोरा बांधून पतंगासारखा उडवायचो. पाचवीत असताना टीचरनी मला दोऱ्यासकट पकडलं. मारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तळ्यावर बोलावलं आणि लव्हाळ्याच्या काड्यांवरच्या काती मोजायला लावल्या. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं. मोठं झालं की पहाटे काडीवर चढतं, पाठ फाटते, आतून पंखवाला चतुर बाहेर येतो आणि कात काडीला तशीच चिकटून राहते. दुसऱ्या वहीत एका पानावर माझं अक्षर आहे: ‘काती ९’.

तेव्हा चतुरांचा अभ्यास म्हणजे जाळीने पकडायचे, मारायचे आणि टाचणीने टोचून पेटीत लावायचे. टीचरनी एकही मारला नाही. त्या उडणाऱ्या चतुरांकडे बघायच्याही नाहीत फारशा. “उडणारा कुठूनही येतो,” त्या म्हणायच्या. “पवईहून येईल, नाहीतर वसईहून. कात मात्र ज्या पाण्यात जन्मला तिथेच टाकतो. पाणी जिवंत आहे की नाही ते कातीला विचार.” ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नव्हती. आमच्या भागात तरी असं मोजणारं त्यांच्याआधी कोणी नव्हतं. पुढे कॉलेजातली मंडळी कॅमेरे घेऊन आली, टीचरच्या याद्या उतरवून घेऊन गेली. त्यांच्यातल्या एकाने आपल्या पुस्तकात आभार मानले: ‘स्थानिक शिक्षिकेची मदत झाली.’ टीचरनी ते वाचून पुस्तकात दोन जाती चुकल्याचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असायच्या. वरच्या पायरीपासून पाणी किती खाली, किती काती, आणि त्या पाण्यापासून किती उंचीवर. मापं सगळी बोटांत. पायरीच्या कडेवरून काठी सरळ खाली धरायची, टोक पाण्याला टेकवायचं आणि कडेपासून टोकापर्यंतची काठी चार-चार बोटं लावत मोजायची. पाव बोटापर्यंत. पट्टी का वापरत नाही, असं मी शाळेत असताना विचारलं होतं. “पट्टी घरी राहते. हात राहत नाही.”

मी आता बावन्न वर्षांचा आहे आणि मरोळमध्येच एका कारखान्याच्या तपासणी खोलीत काम करतो. कारखाना ज्या गेजने सुटे भाग तपासतो ती गेज बरोबर आहेत का, हे मी तपासतो. पुतण्या माझ्याकडे आला तो म्हणूनच. बोटांचे मिलिमीटर करून दे, म्हणाला.

मी ते नीट केलं. निदान तसं मला वाटलं. व्हर्नियर घेऊन टीचरच्या घरी गेलो, त्यांना चार बोटं जुळवून टेबलावर ठेवायला सांगितली आणि दहा वेळा माप घेतलं. सरासरी ८१ मिलिमीटर. भागिले चार, म्हणजे एक बोट २०.२५.

“एवढी जाड?” टीचर म्हणाल्या. “आईची अंगठी मला सैल व्हायची. आता सांध्यावरून जातच नाही.”

मी आकडा लिहिला. वाक्य लिहिलं नाही. चार हजार सहाशे अठरा नोंदींना २०.२५ने गुणलं, उन्हाळ्यातल्या नोंदी वेगळ्या काढल्या, खाली सही केली आणि तक्ता दिला. प्रत्येक ओळ दोनदा तपासली होती. गुणाकार एकही चुकलेला नव्हता.

त्या मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायकोने माझा चेहरा बघून चहा ठेवला आणि तक्ता मागितला. ती आकड्यांची नाही, पण वाचते नीट.

“ही एकशे बारावी ना?” ती म्हणाली. “पाणी जमिनीच्या खाली. मग पुढे बघ की. काती तेवीस.”

“हो.”

“अरे, हो काय? पाणी नव्हतं तर ते तेवीस आले कुठून? गटारातून?”

मी ओळ पुन्हा वाचली. इंजिनिअरने अर्धीच वाचली होती आणि मीही कधी पूर्ण वाचली नव्हती. एक रकाना तळं कोरडं म्हणत होता, त्याच ओळीतला दुसरा रकाना त्यात तेवीस जन्म सांगत होता. दोन्ही एकाच बाईने एकाच सकाळी लिहिलेले. काती मोजताना गुणाकार लागत नाही. म्हणजे चूक गुणाकाराच्या बाजूला होती. म्हणजे माझ्या बाजूला.

“टीचरची बोटं तेव्हा एवढी जाड नसणार,” बायको म्हणाली. “सांधे सुजलेत त्यांचे. मला दिसतं, तुला नाही दिसत?”

मला लाज वाटली ती इथे. माझ्या खोलीत प्रत्येक गेजवर पुढच्या तपासणीची तारीख चिकटवलेली असते, कारण माप घेणारी वस्तू वापराने बदलते. हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगतो. टीचरच्या हाताचा विचार करतानाही झीज माझ्या मनात आली होती. बोटं काय झिजत नाहीत, असं मी स्वतःशी म्हटलंही होतं. गेज झिजून लहान होतं एवढंच मला माहीत. मापाची वस्तू जाड होते हे माझ्या अनुभवात नव्हतं.

पण जुनी बोटं किती होती, हे आता कसं कळणार? अंदाजाने सतरा धरले असते तर तिन्ही उन्हाळ्यांत पाणी निघत होतं. पण तो अंदाज मला हवा तसा होता, म्हणूनच निरुपयोगी. इंजिनिअरने पहिला प्रश्न तोच विचारला असता, आणि बरोबर विचारला असता.

बुधवारी मी रजा टाकली आणि टीचरच्या घरी वह्या घेऊन बसलो. मला अशी एखादी वस्तू हवी होती जी टीचरनी तेव्हाही मोजली आणि जी आजही तशीच आहे. पहिल्या वहीत दुपारी अडीचच्या सुमारास सापडली. जुलैतली नोंद: ‘पाणी दुसऱ्या पायरीच्या कडेला टेकलं. अकरा बोटं.’

पाणी दुसऱ्या पायरीच्या कडेला टेकलं असेल, तर वरच्या पायरीपासूनचं अंतर म्हणजे एका पायरीची उंची. दगडाची. दगडाला सांधेदुखी होत नाही.

पाणी चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशा नोंदी जवळजवळ दरवर्षी होत्या. गुरुवार संध्याकाळपर्यंत एकाहत्तर मिळाल्या. पहिली चौदा-पंधरा वर्षं अकरा बोटं. मग पावणेअकरा. साडेदहा. निवृत्तीच्या सुमारास दहा. शेवटच्या वह्यांत सव्वानऊ. पायरी तीच, बोटं कमी. टीचरनी प्रत्येक वेळी समोर दिसलं ते लिहिलं होतं, आधीच्या वर्षीचा आकडा उघडून बघितला नव्हता. बघितला असता तर कदाचित तो जुळवून घेतला असता आणि माझा एकमेव पुरावा गेला असता.

आता पायरी मोजायची राहिली होती आणि पायरी पत्र्यांच्या आत होती. पुतण्या म्हणाला, “मागच्या बाजूला एक पत्रा सैल आहे. पाच मिनिटांचं काम. चल.”

“परवानगी घेऊन जाऊ.”

“परवानगीच्या नादात मंगळवार येईल!”

“चोरून घेतलेलं माप कोण मानेल?”

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी शुक्रवारी कचेरीत अर्ज दिला, संध्याकाळी पाचला परवानगी आली: शनिवारी सकाळी दहा, दुसऱ्या बाजूचा माणूस हजर असेल तरच. दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणजे तोच इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशी यावं लागलं म्हणून वैतागलेला.

“काका, पायरी कशाला मोजताय? भांडण पाण्याचं आहे ना?”

“टीचरची बोटं मोजतोय.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “पायरीवर?”

मी त्याला सगळं सांगितलं. लपवायचं म्हटलं असतं तर लपलं असतं, पण मग त्याने न समजता सही केली असती. ऐकून झाल्यावर त्याने स्वतःची टेप काढली. “तुमची नको. माझी वापरू.”

पायरी मधोमध १८४ मिलिमीटर भरली. पायांनी झिजलेली. डाव्या टोकाला, भिंतीलगत, १८७. तिथे दगडावर पाथरवटाच्या टाकीचे घाव अजून दिसत होते. तीन मिलिमीटरने सगळं हलत नव्हतं, पण कुठला आकडा घ्यायचा हे ठरवायला हवं होतं. मी तिथूनच टीचरना फोन लावला आणि त्याला ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला.

“टीचर, माप घेताना कुठे उभ्या राहायचात?”

“भिंतीला धरून. मध्ये शेवाळ असतं, पडायचंय का मला? का रे?”

“काही नाही. एवढंच.”

इंजिनिअरने १८७ लिहिलं. मग मी न सांगता बाकीच्या पायऱ्याही मोजल्या आणि आपल्या कागदावर उतरवल्या. मी कागदाकडे बघितलं नाही, घाईत होतो. खाली दोघांनी सह्या केल्या.

एकशे सत्त्याऐंशी भागिले अकरा: सतरा. त्या पहिल्या काळातल्या तिन्ही वाईट उन्हाळ्यांचं पाणी आता अनुक्रमे १२२, १५६ आणि १९० मिलिमीटर निघत होतं. टीचर पाव बोटापर्यंत मोजत, आणि अकरा बोटांतली ती चूक साठ-चौसष्ट बोटांपर्यंत वाढत जाते, तेव्हा सगळं धरून पंधरा मिलिमीटर इकडेतिकडे. तरी सगळ्यात वाईट सकाळीही दहा सेंटिमीटरहून जास्त पाणी होतं. तेवीस काती तिथून आल्या होत्या.

रविवारी मी सगळ्या वर्षांचा तक्ता नव्याने करायला बसलो, प्रत्येक वर्षाला त्या वर्षाचं बोट. पाण्याचा रकाना संपला. मग सवयीने पुढचा रकाना घेतला, काती किती उंचीवर होत्या तो. तो कोणी मागितला नव्हता.

टीचरचं नाव ज्या एका गोष्टीसाठी थोड्याफार लोकांना माहीत होतं, ती या रकान्यात होती. पहिल्या वह्यांत काती सरासरी पंधरा बोटं उंचीवर. मग चौदा, तेरा, शेवटी साडेबाराच्या आसपास. आजूबाजूला इमारतींचे दिवे वाढले, पहाट उजळली, त्यामुळे पिल्लं घाईने खालीच कात टाकतात, असं टीचरचं म्हणणं होतं. त्यावर त्यांनी निसर्गाची आवड असणाऱ्यांच्या एका अंकात लेख लिहिला होता. लोकांनी तो उचलला. परदेशातल्या एका म्हाताऱ्या अभ्यासकाने हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं होतं. त्रेचाळीस वर्षांत कोणी त्यांना ‘तुम्ही शोधलंत’ असं म्हटलेलं ते एकच पत्र.

पंधरा गुणिले सतरा, २५५. शेवटच्या पाच वह्यांची सरासरी १२.६, गुणिले २०.२५. २५५.

मी पुन्हा केलं. मधल्या वह्यांचं केलं. २५३, २५६, २५५. पिल्लं एक बोटही खाली आली नव्हती.

बायको भाजी निवडत होती. मी सांगितलं. तिने हातातली शेंग मोडली.

“पाण्याचं काम झालंय ना तुझं?” ती म्हणाली. “मग हा रकाना नको देऊस. कोणी मागितलाय?”

“बोट एकच आहे गं. पाण्याला सतरा आणि चतुराला वीस, असं कसं करणार?”

“मी करायला नाही सांगत. गप्प बस म्हणतेय. एक्क्याऐंशी वय आहे त्यांचं.”

सोमवारी संध्याकाळी टीचरकडे गेलो. नुसता कागद पुढे ठेवला. पुतण्याही तिथे होता. पाण्याचे आकडे बघून तो खूश झाला, माझ्या पाठीवर थाप मारली. “झकास! आता जुना तक्ता फाइलमधून काढून घेऊ, हा लावू. विषय संपला.”

टीचर दुसरा रकाना बघत होत्या. त्यांनी पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कडेला सगळे गुणाकार स्वतः केले. हातचे नीट मांडून, मुलांना शिकवायच्या तसे. सुजलेल्या बोटांनी पेन्सिल हळू चालत होती. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण ते लवकर झालं नाही.

“म्हणजे ते खाली आलेच नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मी जाड झाले.”

“बोटं, टीचर.”

“तेच ते.” त्यांनी पेन्सिल ठेवली. “तेवीस वर्षं सांगतेय सगळ्यांना.”

पुतण्याच्या तेव्हा लक्षात आलं. “आंटी, तुझा तो लेख फाइलमध्ये लावलाय. तू कोण आहेस ते कळावं म्हणून मीच लावलाय.” तो उभा राहिला. “हा रकाना उद्या न्यायचा नाही. तो इंजिनिअर तुला फाडून खाईल. जिचा स्वतःचाच शोध चुकला, तिचं पाण्याचं कोण ऐकेल?”

“आणि उद्या त्यालाच कळलं तर? त्याच्याकडे पायरीचं माप आहे. लेख आहे. गुणाकार त्यालाही येतो,” मी म्हणालो.

“नाही कळणार!”

“बस खाली.” टीचर माझ्याकडे वळल्या. “जुना तक्ता काढायचा नाही. त्यावर एक रेघ मार, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिही काय चुकलं ते. माझ्या वहीत एकही पान फाडलेलं नाही. कचेरीत तरी कशाला फाडू?”

“चूक माझी आहे, टीचर.”

“मग तसं लिही. आणि लेख इकडे दे.”

मंगळवारी अकराला आम्ही पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. मी उभा राहून आधी माझी चूक सांगितली. आजच्या हाताने जुनी मापं बदलली, हाताचं माप मधल्या काळात बदललं असेल हे तपासलं नाही. मग पायरी, मग नवा तक्ता. कारखान्यात मी दुसऱ्यांच्या चुका लिहितो. स्वतःची मोठ्याने वाचून दाखवायची ही पहिली वेळ.

इंजिनिअर उठला. “मॅडम, याच गृहस्थांनी मागच्या मंगळवारी बोट २०.२५ सांगितलं, सही करून. आज सतरा. का, तर वीसने तळं कोरडं येतं. पुढच्या आठवड्यात पंधरा सांगतील. एका पायरीवर किती विश्वास ठेवायचा?”

अधिकारी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “दुसरी काही खूण आहे?”

मी तयारी केली नव्हती. दुसऱ्या पायरीच्या एकाहत्तर नोंदी मिळाल्यावर मी थांबलो होतो. “असेल,” एवढंच मला म्हणता आलं. मागे पुतण्याने ‘च्च’ केलं.

“तिसरी पायरी,” टीचर बसल्या जागेवरून म्हणाल्या. “तिलाही पाणी टेकायचं की.”

मॅडमनी इंजिनिअरला विचारलं, “तिसऱ्या पायरीचं माप आहे?”

त्याने कागद काढला. शनिवारी मी न सांगता घेतलेलं. “वरच्या पायरीपासून तिसरीच्या कडेपर्यंत, भिंतीलगत, ३९१.” तोही सरळ माणूस होता. नाही म्हणाला असता तर त्या घटकेला मला कळलं नसतं.

“तुम्ही बोला,” मॅडम मला म्हणाल्या. “तुमचं सतरा बरोबर असेल, तर पहिल्या वहीत काय लिहिलेलं असेल?”

मी तोंडी भागलं. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा दुणे चौतीस... “तेवीस,” मी म्हणालो. “तेवीस बोटं. आणि वीसने धरलं तर सव्वाएकोणीस.” मनात एकच होतं. पाव-अर्धं सोडून यापेक्षा जास्त फरक निघाला, तर सगळं गेलं, आणि जायलाही हवं.

वही मॅडमच्या हातात होती. त्यांनी स्वतः पानं उलटली. ऑगस्टपासून पुढे, हळूहळू. सप्टेंबर झाला. ऑक्टोबर. टीचर डोळे मिटून बसल्या होत्या. मग मॅडमचं बोट थांबलं. “‘पाणी तिसऱ्या पायरीला. सव्वातेवीस.’” त्यांनी दुसरी वही घेतली, तीही शोधली. “‘तेवीस.’”

इंजिनिअर खाली बसणार असं वाटलं, पण तो बसला नाही. मला भीती होती तसंच झालं. त्याने फाइलमधून लेख काढला.

“मग हे काय आहे? बाईंचा लेख. चतुर दरवर्षी खाली कात टाकतात. यांची बोटं जाड झाली असतील तर हा शोध खोटा. आणि शोध खरा असेल तर बोटं जाड झालीच नाहीत. दोन्ही खरं नाही होऊ शकत.”

“नाही होऊ शकत,” टीचर म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी लेखाची आपली प्रत मॅडमच्या टेबलावर ठेवली. तिच्या मधल्या दोन परिच्छेदांवर पेन्सिलने रेघ होती, खालचं वाचता येईल अशी. कडेला लिहिलं होतं: ‘चूक. माप घेणारा हात बदलला. चतुर बदलले नाहीत.’ खाली तारीख, आदल्या दिवसाची. “शोध चुकला. काल कळलं. लावा फाइलला.”

मॅडमनी तो कागद वाचला. इंजिनिअरलाही वाचायला दिला. त्याने वाचून परत ठेवला आणि म्हणाला, “माझं एवढंच होतं.”

आदेश तिथेच सांगितला गेला. जागा बारमाही पाण्याची धरावी, बुजवू नये, शेजारच्या उपशाबद्दल संबंधितांना लेखी विचारावं. कारकून लिहून घेत होता तोवर पुतण्याने बाहेर जाऊन चार जणांना फोन केले. जिन्यातून त्याचा आवाज वर येत होता.

टीचरना मी रिक्षाने घरी सोडलं. मरोळ नाक्याच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ अडकली, तेव्हा त्यांनी पर्समधून कागदाचा तुकडा काढला.

“माझा तो शोध पुढे कोणीकोणी छापला, त्यांची यादी केलीय. सात जण. सगळ्यांना कळवायला हवं.”

“मी टाइप करून देतो.”

“ह्यातले दोघं गेले.”

“मग त्यांना राहू द्या ना, टीचर.”

“का? त्यांची पुस्तकं गेलीत का?” त्यांनी कागद माझ्या हातात दिला. “घरच्या पत्त्यावर पाठव. आणि पत्रात पायरीचं सगळं लिही. नुसतं ‘चुकलं’ लिहू नकोस, कसं चुकलं ते लिही. नाहीतर पुढचा परत हातानेच मोजेल.”

सात पत्रं त्या आठवड्यात गेली. पत्रातले आकडे माझे, बाकीचा मजकूर त्यांचा. आजपर्यंत तीन उत्तरं आली आहेत.